रद्दीतून वाचलेला वेताळ

रविवारी सकाळी माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानालगतच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे मांडले जात असतात. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, इंग्रजी कादंबऱ्या असा तो सगळा माल. अशा वेळी पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ येतो, समोर मांडलेल्या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि थेट विचारतो, ‘‘खाली काही चित्रांची पुस्तकं आहेत का?’’ विक्रेता मान हलवतो. दहापैकी नऊ वेळा ती नकारार्थीच हलते. तरीही हा गृहस्थ पुढच्या रविवारी पुन्हा येतो.

जुन्या चित्रकथा जमविण्याचा छंद हा असा आहे. टपाल तिकिटे किंवा नाणी जमविणाऱ्यांना समाजात प्रतिष्ठा असते. त्यांची प्रदर्शने भरतात, त्यांच्या संघटना असतात. चित्रकथा जमविणाऱ्याला मात्र घरातही ‘अजून लहानच आहेत’ एवढेच ऐकावे लागते. वास्तविक त्याने जे हाती घेतले आहे ते काम पोरखेळाचे नाही. वाचून झाल्यावर फेकून देण्यासाठीच छापलेली वस्तू तो जपत असतो आणि या छंदातला सारा आनंद, तसेच सारी अडचण, या एकाच गोष्टीतून निर्माण होते.

साठ पैशांचे इंद्रजाल

मराठी वाचकांच्या एका मोठ्या पिढीच्या लेखी जुनी चित्रकथा म्हणजे ‘इंद्रजाल कॉमिक्स’. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स समूहाने, ही मालिका सुरू केली. सुरुवातीच्या अंकांची किंमत ६० पैसे होती. अमेरिकी लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वृत्तपत्रांतील पट्टीकथेसाठी निर्माण केलेला ‘फँटम’ हा तिचा पहिला नायक. पहिले ३२ अंक केवळ त्याचेच होते. पुढे फॉक यांचाच जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी आणि बझ सॉयर आले. मराठी अंकांत फँटमचा ‘वेताळ’ झाला आणि त्यामुळे एक गंमत घडून आली. ‘चांदोबा’ वाचणाऱ्या मुलांच्या घरी एक वेताळ आधीच होता. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. आता कवटीच्या गुहेत राहणारा, पांढऱ्या घोड्यावरून दौडणारा आणि गुन्हेगारांच्या जबड्यावर अंगठीचा ठसा उमटविणारा दुसरा वेताळ दाखल झाला. या दोघांत त्या मुलांचा कधी घोटाळा झाला नाही, हे विशेष.

मूळ कथांमधील काही नावे भारतीय वाचकाला खटकतील या भीतीने संपादकांनी बदलली. वेताळाचा मूळ मुलुख ‘बंगाला’ होता. बंगालशी असलेले नामसादृश्य टाळण्यासाठी तो ‘डंकाली’ झाला. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. वृत्तपत्रांतील आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या उभ्या पानात बसवायच्या, तर चौकटी कापाव्या लागत, काही सरळ गाळाव्या लागत. मूळ पट्टीकथा आणि इंद्रजालचा अंक शेजारी ठेवून कुठली चौकट कुठे गेली याचा शोध घेणारे संग्राहक आहेत. हा उद्योग कोणाला निरर्थक वाटेल. पण हस्तलिखिताच्या दोन प्रतींतील पाठभेद तपासणारा पंडित तरी याहून वेगळे काय करतो?

डिसेंबर १९७६ मध्ये या परदेशी मंडळींत एक देशी नायक आला. आबिद सुरती यांनी निर्माण केलेला ‘बहादूर’. भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि चंबळच्या डाकूंशी सामना. त्याची चित्रे काढली गोविंद ब्राह्मणिया यांनी. ‘बी. गोविंद’ या नावाने त्यांनीच इंद्रजालच्या सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठे रंगविली होती. आतली चित्रे अमेरिकी असली, तरी दर्शनी भाग मुंबईत रंगलेला असे. त्यामुळे कित्येक संग्राहक कथेसाठी नव्हे, तर केवळ त्या मुखपृष्ठासाठी अंक मिळवतात. मलपृष्ठावरील वेताळाचे चित्र तर मुले कापून भिंतीवर लावत असत. साहजिकच मलपृष्ठ शाबूत असलेला आरंभीचा अंक मिळणे ही आज मोठी भाग्याची गोष्ट समजली जाते.

मालिका आधी मासिक होती, मग पाक्षिक झाली आणि पुढे साप्ताहिक. १९९० मध्ये ती बंद पडली तेव्हा एकूण ८०३ अंक निघालेले होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, ४१४, वेताळाचे होते.

न छापलेल्या अंकांचा शोध

हा ८०३ चा आकडा नवशिक्या संग्राहकाला हमखास चकवा देतो. १२३ आणि १२४ या क्रमांकांचे अंक कधी निघालेच नाहीत. त्या काळात छापखान्यात संप झाला, ते दोन अंक छापले गेले नाहीत आणि मालिका पुढच्या क्रमांकाने सुरू झाली. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस वर्षानुवर्षे त्या दोन अंकांच्या मागावर राहू शकतो. आणखी एक खोच अशी की, ४४३ व्या अंकानंतर सलग क्रमांक देण्याची पद्धत बंद होऊन खंड आणि अंक अशी मोजणी सुरू झाली. म्हणजे वीसाव्या खंडाचा पहिला अंक हा खरे तर ४४४ वा. जुन्या संग्राहकांच्या वह्यांत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले आढळतात.

ही वही हे या छंदाचे खरे हृदय आहे. जवळ असलेल्या अंकापुढे बरोबरची खूण, नसलेल्यापुढे रिकामी जागा. बाहेरच्याला वाटते की संग्रह म्हणजे कपाटात असलेले अंक. संग्राहकाचे लक्ष मात्र नसलेल्या अंकांवर असते. पहिले दोनशे अंक वर्षभरात जमू शकतात, पुढच्या दोनशेंना पाच वर्षे लागतात आणि शेवटच्या वीसांसाठी उरलेले आयुष्यही अपुरे पडू शकते. बाजारात जाण्याचा आनंद जसजसा संग्रह वाढतो तसतसा कमी व्हायला हवा, कारण हवी असलेली वस्तू मिळण्याची शक्यता घटत जाते. प्रत्यक्षात तो वाढतो. मासेमारीची हौस असलेल्यांना हे चटकन समजेल.

‘अमर चित्र कथा’ जमविणाऱ्यांचे कोडे याहून निराळे आहे. इंद्रजालच्या आरंभकाळात टाइम्समध्ये काम केलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या साह्याने ही मालिका उभी केली. तिची ओळख ज्या ‘कृष्ण’ या पुस्तकाने झाली, त्याचा क्रमांक १ नसून ११ आहे. कारण त्याआधीच्या दहा पुस्तिका पाश्चात्त्य परीकथांच्या होत्या. ‘कृष्ण’ची चित्रे राम वाईरकर यांची. पुढे ‘टिंकल’मधला सुप्पंडीही त्यांच्याच हातून उतरला. प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या मालिकेला जे रूप दिले, त्याने देशभरातील मुलांच्या मनातील शिवाजी महाराज, राम आणि अर्जुन घडले. या चित्रकारांची नावे महाराष्ट्रात किती जणांना आठवतात, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

अमर चित्र कथांची पुस्तके दुर्मीळ नाहीत. ती आजही नव्याने छापली जातात आणि कोणत्याही मोठ्या पुस्तकांच्या दुकानात मिळतात. दुर्मीळ आहे ती पहिली आवृत्ती. ती ओळखायची कशी? किंमत पाहायची, मलपृष्ठावरील शीर्षकांची यादी कुठपर्यंत येते ते पाहायचे, प्रकाशकाचा पत्ता आणि जाहिराती पाहायच्या. सर्वांत सोपी खूण रंगांची. खर्च वाचविण्यासाठी आरंभीची पुस्तके पिवळा, निळा आणि हिरवा अशा मोजक्या रंगांत छापली जात. पूर्ण रंगीत छपाई नंतर आली. काही वेळा आवृत्ती बदलताना मजकूरही बदलला. ‘कृष्ण’च्या सुरुवातीच्या आवृत्तीत पै यांनी चमत्कारांना जाणूनबुजून आवर घातला होता. वाचकांचा प्रतिसाद पाहून पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते मोकळेपणाने रंगविले. दोन्ही प्रती हाती असल्या, तर संपादकाचे मन कसे बदलले हे चौकटीगणिक वाचता येते. केवळ नवी आवृत्ती पाहिलेल्याला याचा पत्ताही लागत नाही.

वाचनालयांनी तारले, वाचनालयांनीच कापले

लाखोंनी वाचली गेलेली पुस्तके चाळीस-पन्नास वर्षांत दुर्मीळ कशी होतात, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर मराठी घरांच्या रचनेतच आहे. चाळीतल्या दोन खोल्यांत सहा माणसे राहत असताना मुलांच्या चित्रकथांना कपाट कुठून मिळणार? त्या वर्षाअखेरीला वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत जात, रद्दीवाला त्या वजनावर घेई आणि पुढे त्यांच्या पुड्या होत किंवा लगदा होई. आईने रद्दीत घातलेला अंक ही या छंदातली सार्वत्रिक कहाणी आहे. पुष्कळ संग्राहकांची सुरुवात तिथूनच झाली. हरवलेले तेच अंक परत मिळविण्यापासून.

जे वाचले ते बहुतांशी गल्लीबोळांतील खासगी वाचनालयांमुळे. मे महिन्याच्या सुटीत दिवसाला काही पैसे भाडे देऊन मुले तिथून चित्रकथा नेत. एका अंकावर पन्नास-शंभर हात फिरत. पातळ कागदाचा सुटा अंक असा टिकणे शक्य नव्हते. म्हणून वाचनालयाचे चालक पाच किंवा दहा अंक एकत्र शिवून घेत, वर जाड पुठ्ठा चढवत, कडा यंत्रावर समान कापून घेत आणि पहिल्या पानावर रबरी शिक्का मारत. या बांधणीमुळे ते अंक जगले. मात्र त्या कापणीत पानांच्या कडा आणि कधी कधी संवादांच्या फुग्यांतील शेवटची अक्षरेही गेली. सुईची भोके पडली. अनेकदा रंगीत मुखपृष्ठे काढून टाकली गेली.

आज असा बांधीव गठ्ठा हाती आला की संग्राहक पेचात पडतो. तो उसवायचा की तसाच ठेवायचा? उसवला तर सुटे अंक यादीत नीट बसतात, जवळच्या अंकांशी जुळतात, अदलाबदलीला उपयोगी पडतात. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गोंदात अडकलेले पान सुटताना फाटण्याचा संभव असतो. शिवाय तो गठ्ठा स्वतःच एक वस्तू आहे; त्या वाचनालयाने कोणते दहा अंक एकत्र बांधणे योग्य मानले, त्यात वेताळाशेजारी मँड्रेक ठेवला की नाही, याचाही तो पुरावा आहे. जाणकारांचा कल आता न उसवण्याकडे झुकू लागला आहे आणि तेच शहाणपणाचे दिसते. उसवलेले पुन्हा पूर्ववत करता येत नाही.

कागदाशी झुंज

चित्रकथांचा कागद मुळातच हलका. यंत्राने लाकूड रगडून केलेल्या लगद्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहून जाते. हवा आणि प्रकाश लागला की ते बदलत जाते, कागद आधी पिवळा आणि मग तांबूस होतो, त्यातील आम्लामुळे तो ठिसूळ बनतो. जुन्या अंकाचा जो वास संग्राहकांना वेड लावतो, तो खरे पाहता कागदाच्या क्षयाचाच वास असतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी दोन शत्रू असतात. एक कसर आणि दुसरा गंज. अंकाच्या मधोमध मारलेल्या लोखंडी पिना पावसाळ्यागणिक गंजतात आणि तो गंज पानांत उतरतो. अनुभवी माणसे पीन अलगद उलगडून काढतात आणि त्याच भोकांतून न गंजणारी पीन किंवा सुती दोरा घालतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे हे सर्वांत मोठे पाप. काही वर्षांत तिचा चिकटपणा निघून जातो आणि उरतो तो कायमचा तपकिरी डाग. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. ते चढविलेला अंक पुन्हा कधीच मोकळा होत नाही.

अंक ठेवण्यासाठी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि आत आधाराला आम्लरहित पुठ्ठा हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. बाजारात मिळणारी स्वस्त पीव्हीसीची पाकिटे दिसायला चकचकीत असतात, पण कालांतराने त्यांतून निघणारी रसायने शाईला चिकटतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, खालचा कप्पा रिकामा ठेवावा आणि पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी सावलीत अंक उघडून वारा द्यावा. उन्हात मात्र कधीच नाही. पोथ्या जपणाऱ्या घरांत दसरा-दिवाळीच्या सुमारास हेच होत असे, फक्त तिथे जोडीला कडुनिंबाचा पाला असे.

किमतीचा मोह

चित्रकथा म्हटले की अमेरिकेतील लिलावांच्या बातम्या आठवतात. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. तेव्हा त्याची किंमत १० सेंट होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याच अंकाची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. अशा बातम्यांनी जुन्या पेटाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि ती नेहमीच चांगल्यासाठी बदलते असे नाही. तिथे १९७० पासून छापील दरपत्रक निघते, २००० पासून अंकांची स्थिती तपासून दहापैकी गुण देणारी आणि अंक प्लास्टिकच्या डबीत बंद करणारी व्यवस्था आहे. डबी फोडली की गुण रद्द. म्हणजे लाखो डॉलर मोजून घेतलेला अंक मालकाला वाचता येत नाही! चित्रकथेची याहून मोठी थट्टा कोणती असेल?

त्याच अमेरिकेतील दुसरी कहाणी अधिक बोधप्रद आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनचा मृत्यू दाखविणारा अंक बंद पिशवीत घालून विकला गेला. उद्या त्याची किंमत वाढणार या आशेने लोकांनी रांगा लावून एकेकाने अनेक प्रती घेतल्या. अंक लाखोंच्या संख्येने खपला आणि जवळपास प्रत्येकाने तो जपून ठेवला. परिणामी तो आजही सहज मिळतो आणि त्याचे कोणी श्रीमंत झालेले नाही. १९३८ चा अंक महाग झाला तो मुलांनी वाचून फाडला, उरलेला दुसऱ्या महायुद्धात कागदाच्या रद्दीत गेला म्हणून.

भारतात असे सर्वमान्य दरपत्रक नाही. किंमत ठरते ती विक्रेत्याच्या समजुतीवर आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. चेहऱ्यावरचा आनंद लपविणे ही म्हणूनच या क्षेत्रातील पहिली विद्या. एकाच बाजारात एका टोकाला वीस रुपयांत आणि दुसऱ्या टोकाला दोन हजारांत सारखाच अंक मिळू शकतो. गुंतवणूक म्हणून यात उतरू पाहणाऱ्याने बँकेत ठेव ठेवणे बरे. खरा व्यवहार अजूनही अदलाबदलीचा आहे. एकाकडे जादा असलेला बहादूरचा अंक दुसऱ्याकडच्या जादा मँड्रेकशी बदलला जातो, दोघांच्याही वहीत एकेक खूण वाढते आणि पैशाचे नावही निघत नाही.

बाजारही पूर्वीचे राहिलेले नाहीत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरील पुस्तकांचे बरेचसे स्टॉल २००५ मध्ये महापालिकेच्या कारवाईत उठले. दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार २०१९ मध्ये रस्त्यावरून हलवून महिला हाटच्या आवारात नेण्यात आला. जुनी वाचनालये एकामागून एक बंद झाली. संगणकावर आता कित्येक अंकांच्या प्रतिमा पाहायला मिळतात. स्वामित्वहक्काचा प्रश्न तिथे आहेच, तरीही मजकूर टिकविण्याच्या कामी त्यांचा उपयोग नाकारता येणार नाही. मात्र ही सोय इंग्रजी आणि हिंदी अंकांच्या बाबतीत जेवढी आहे, तेवढी मराठीच्या बाबतीत नाही. ‘फँटम’ची प्रतिमा पाहून ‘वेताळ’ वाचल्याचे समाधान ज्याला मिळत नाही, त्याला फुटपाथवर उकिडवे बसण्याखेरीज गत्यंतर नाही. मराठी अंकांत कोणते शब्द वापरले गेले, डाकू आणि चाचे कोणत्या मराठीत धमक्या देत, हे जाणून घ्यायचे तर मराठी अंकच हवा. प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४ पासून आहे. पण मुलांची साठ पैशांची पुस्तके जपण्यात कोणाला फारसा रस होता, असे दिसत नाही. ते काम नकळत या वहीवाल्या मंडळींच्या गळ्यात पडले आहे. त्यांतील अनेकांचे वय झाले आहे आणि आपल्या माघारी या कपाटाचे काय होणार, हा प्रश्न त्यांना लिलावाच्या आकड्यांपेक्षा अधिक सतावतो. काही जणांनी तर अंकांच्या पेटीत वरच एक चिठ्ठी ठेवली आहे. रद्दीत देऊ नये, एवढीच.

विक्रेते आणि काटेकोर संग्राहक अंकावरील वाचनालयाचा शिक्का हा दोष मानतात आणि त्यापोटी किंमत कमी करतात. मुलांनी पेनाने सोडविलेले शब्दकोडे, पहिल्या पानावर लिहिलेले नाव आणि इयत्ता हेही दोषच. परंतु असेच अंक आवर्जून घेणारेही काही आहेत. पुसट झालेल्या जांभळ्या शाईत वाचनालयाचे नाव, गल्ली आणि ‘अंक चोवीस तासांत परत करावा’ अशी सूचना असलेला, कोपरे झिजलेला वेताळ दिसला, तर ते घासाघीस न करता तो पिशवीत टाकतात.